शांतता रविवार

राष्ट्रीय हौशी रेडिओ संघटनेला दोन अध्यक्ष होते. घटनेत एकच सांगितला होता. परंतु घटना लिहिणाऱ्यांनी वार्षिक सभेचा हॉल फक्त पाच वाजेपर्यंत मिळतो, ही बाब लक्षात घेतली नव्हती. बरोबर पाचला हॉलच्या रखवालदाराने नियमानुसार दिवे मालवले. त्या वेळी मतदान चालू होते. शिस्तप्रिय सभासद जागेवर बसून राहिले आणि त्यांनी अंधारात हात वर केले. व्यवहारी सभासद उजेडासाठी जिन्यात आले आणि त्यांनी तिथे हात वर केले. मोजणी दोन्हीकडे झाली. दोन्हीकडे प्रचंड बहुमत मिळाले. तेव्हापासून एकांना हॉलातले अध्यक्ष आणि दुसऱ्यांना जिन्यातले अध्यक्ष म्हणू लागले, आणि हॉलाच्या बाहेर व जिन्याच्या खाली संघटनेचे उरलेले कामकाज बंद पडले.

आता दोन अध्यक्ष असले म्हणून सामान्य माणसाचे काय बिघडते? खरे तर काहीच नाही. एकही नसला तरी बिघडत नाही. पण संघटनेची एक रविवारची हजेरी असे. दर रविवारी सकाळी नऊ वाजता ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर अध्यक्ष एकेका सभासदाला हाक मारत, सभासद ‘हजर’ म्हणे आणि पुढे दोन शब्द बोलून घेई. आता नऊच्या ठोक्याला दोन्ही अध्यक्ष एकाच फ्रिक्वेन्सीवर हजेरी घ्यायला बसू लागले. रेडिओ संचाची रीत अशी, की बोलायचे तर बटण दाबायचे आणि ऐकायचे तर सोडायचे. बटण दाबलेले असेपर्यंत आपल्याला कोणाचेही ऐकू येत नाही. त्यामुळे दोघेही अध्यक्ष आपापल्या जागी अत्यंत समाधानी होते. आपण बोलतो तेव्हा सगळे कसे चिडीचूप असतात, असे दोघेही खासगीत कौतुकाने सांगत. बाकीच्या दोनशे बारा सभासदांना मात्र दोन आवाज एकमेकांत कालवून जी गुरगुर होते, तेवढीच ऐकू येई.

या दोनशे बारांत एक कवळीवाले होते. दाताच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून ते कवळ्या बनवत. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्यांच्या हातचं होतं. माणूस गरीब, कोणाच्या अध्यात ना मध्यात. संघटनेच्या भांडणाशी त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं. त्यांना फक्त त्यांच्या ताईशी बोलायचं होतं.

ताई बावीस वर्षं हवामान खात्याच्या एका बेटावर एकटी राहत होती. वारा मोजायचा, पाऊस मोजायचा, वहीत लिहायचं. सोबतीला एक शेळी. बोट महिन्यातून एकदा, टेलिफोन नाही. पण तिच्याकडे वडिलांनी जेवणाच्या टेबलावर बसून हाताने जुळवलेला संच होता. तो संच एकाच फ्रिक्वेन्सीवर चाले, कारण वडिलांना फ्रिक्वेन्सी ठरवणारा तेवढाच एक स्फटिक मिळाला होता आणि माणसाला बोलायला एक जागा पुरते, असं त्यांचं मत होतं. बॅटरी जपायची म्हणून ताई आठवड्यातून एकदाच, रविवारी नऊ ते साडेनऊ, संच लावी. हजेरीत तिचं नाव आलं की ती ‘हजर’ म्हणे, आणि मग बहीणभाऊ पाच मिनिटं बोलत. शेळीला काय झालं, वारा कुठला आहे, वहिनीच्या गुडघ्याचं कसं आहे. त्या पाच मिनिटांवर कवळीवाल्यांचा आठवडा निघे.

सभेच्या आधीच्या रविवारी ताई म्हणाली होती, “अरे धाकट्या, बाबांच्या संचाचं एक विचारायचंय तुला. पुढच्या रविवारी निवांत विचारते.”

तो पुढचा रविवार आलाच नाही. पाच महिने नुसती गुरगुर.

कवळीवाल्यांनी रीतसर मार्ग अवलंबला. त्यांनी हॉलातल्या अध्यक्षांना अर्ज केला, की माझ्या बहिणीसाठी पाच मिनिटं फ्रिक्वेन्सी मोकळी ठेवावी. उत्तर आलं, की फ्रिक्वेन्सी मोकळीच आहे. तिच्यावर अधिकृत अध्यक्षांखेरीज कोणी बोलत असल्याचे कार्यालयाच्या ऐकिवात नाही. जिन्यातल्या अध्यक्षांकडूनही हेच उत्तर आलं, फक्त जावक क्रमांक वेगळा. दोन्ही पत्रांच्या तळाशी एक ओळ छापलेली होती: ‘मुदतीत हरकत न आल्यास संमती आहे असे समजण्यात येईल.’ ही ओळ संघटनेच्या प्रत्येक कागदावर असे. ती सगळ्यात जुन्या अध्यक्षांनी घातली होती, आणि तेवढ्या एका बाबतीत दोन्ही गटांचं एकमत होतं.

“अहो, सरळ बोटीनं पत्र पाठवा की वन्संना,” कवळीवाल्यांची बायको म्हणाली.

“पाठवलं, ‘कशी आहेस’ म्हणून. पत्रात ती ‘मी बरी आहे’ एवढंच लिहिते. कागदावर ताईला बोलताच येत नाही गं.”

“मग त्या दोघांची तोंडं बंद करा!” बायको वैतागून म्हणाली आणि आत गेली.

कवळीवाले हातातल्या कवळीकडे बघत राहिले. दोन्ही अध्यक्ष त्यांचेच गिऱ्हाईक होते. दोघांचे वरचे-खालचे मिळून छप्पन्न दात याच खोलीत घडले होते. इतके दिवस हे आपल्या डोक्यात कसं आलं नाही, म्हणून त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी हॉलातल्या अध्यक्षांना सहज भेटून सांगितलं, “जिन्यातले साहेब नवी कवळी करून घेणार म्हणतात. नव्या मापात ‘स’ आणि ‘श’ फार स्पष्ट येतात.” संध्याकाळी तीच बातमी उलट करून जिन्यात सांगितली. शनिवारी दोघेही, एक दहाला आणि एक साडेदहाला, तोंड उघडून खुर्चीत बसले होते.

“जुनी काढून ठेवावी लागेल. माप जुन्यावरूनच घ्यायचं,” कवळीवाले गंभीरपणे म्हणाले. “पाच दिवस.”

“पण उद्या रविवार आहे! हजेरी आहे!”

“तुमची इच्छा. त्यांनी मात्र लगेच काढून दिली.”

झालं! दोन्ही कवळ्या दोन वाट्यांत पाण्याखाली गेल्या. त्या रात्री कवळीवाले गाढ झोपले.

रविवारी नऊला त्यांनी संच लावला. गुरगुर नव्हती. पण टिकटिक होती. दोघेही अध्यक्ष जुन्या पिढीतले, तारयंत्राच्या टिकटिकीची भाषा कोळून प्यायलेले. दात गेले तर गेले, बोटं शाबूत होती. दोघांनी माळ्यावरून आपापल्या पितळी कळा काढल्या होत्या आणि टिंब-रेघांत हजेरी सुरू केली होती.

कवळीवाल्यांचा चेहरा उतरला. पण या टिकटिकीची एक गैरसोय अध्यक्षांनी विचारात घेतली नव्हती. तिच्यात दोन टिंबांच्या मधल्या फटीत समोरचा ऐकू येतो. पाच महिन्यांत पहिल्यांदाच हॉलातल्या अध्यक्षांना कळलं, की या फ्रिक्वेन्सीवर आणखी कोणीतरी आहे. जिन्यातल्यांनाही तोच धक्का बसला. काही वेळ शिव्यांची देवाणघेवाण झाली. पण एकेका अक्षराने शिवी द्यायची म्हणजे बोटं भरून येतात. ‘नालायक’ पुरा होईपर्यंत राग अर्धा होतो. साडेनऊपर्यंत दोघे थकले आणि पावणेदहाला त्यांच्यात समझोता झाला.

मंगळवारी संयुक्त परिपत्रक निघालं. ‘संघटनेतील सलोख्याचे प्रतीक म्हणून येता रविवार “शांतता रविवार” म्हणून पाळण्यात येईल. सकाळी नऊ ते साडेनऊ दोन्ही अध्यक्ष मौन पाळतील. फ्रिक्वेन्सी सर्वस्वी सभासदांची राहील.’ खाली दोन सह्या होत्या आणि दोन्ही सह्यांखाली ‘अध्यक्ष’ असं लिहिलेलं होतं. त्याखाली नेहमीची हरकतीची ओळ.

कवळीवाल्यांना आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. ताईला सांगायच्या गोष्टी त्यांनी एका कागदावर लिहून काढल्या. बायकोने शेजारी बसून आपल्या गुडघ्याची हकिकत त्यात घातली. शांतता रविवारी पावणेनऊलाच दोघं संचासमोर बसली. नऊ वाजले. दोन्ही अध्यक्षांनी शब्द पाळला. पहिले चार सेकंद फ्रिक्वेन्सीवर इतकी शांतता होती, की बायकोने पंखासुद्धा बंद केला.

पाचव्या सेकंदाला कवळीवाल्यांनी बटण दाबलं. “ताई, ताई, मी आहे. बोल, मी ऐकतोय.”

बटण सोडलं, तर कानावर असा गलका आला की त्यांनी हातातला कागद टाकला. दोनशे बारा सभासद पाच महिने तोंड दाबून बसले होते. आज त्यांना त्यांची फ्रिक्वेन्सी मिळाली होती. कोणी शांततेबद्दल अभिनंदन करत होतं, कोणी शांततेचे श्रेय कोणाचे ते सांगत होतं, आणि बरेचसे लोक इतरांना शांत राहण्याचे आवाहन करत होते.

“कृपया शांतता राखा!” कवळीवाले बटण दाबून म्हणाले. सोडलं, तर गलका होताच. पुन्हा दाबलं. “अहो, आज शांतता रविवार आहे! माझी बहीण बोलणार आहे!” सोडलं. गलका. मग मात्र त्यांचा तोल गेला. त्यांनी बटणावर अंगठा रोवला आणि सुसंस्कृत माणसाने फ्रिक्वेन्सी कशी वापरावी, ऐकणं ही काय चीज आहे, इतरांचा विचार करणं म्हणजे काय, यावर ते जे बोलत सुटले ते बोलतच राहिले. फार चांगलं बोलले ते. बायकोचे डोळे भरून आले. अर्थात तेवढं तिनेच ऐकलं, कारण त्या वेळी आणखी दोनशे दहा घरांत असंच चांगलं भाषण चालू होतं.

घसा बसला तेव्हा त्यांनी बटण सोडलं. नऊ अठ्ठावीस झाले होते. सगळ्यांचेच घसे साधारण एकाच वेळी बसले असावेत. फ्रिक्वेन्सी स्वच्छ होती, आणि तिच्यावर ताईचा आवाज होता.

“...तर डोळे चांगले आहेत, कानच गेले माझे. पाच महिने नुसती गुरगुर ऐकू येतेय. मागच्या रविवारी तर कानात टिकटिक सुरू झाली. आणि आज म्हणजे कानात बाजार भरलाय. शेळीचं ऐकू येतं, पण ती जवळ असते. लांबचं काही येत नाही. मी विचारणार होते, की संच जुना झालाय, तू येऊन दुरुस्त करशील का. पण संचाला काही झालेलं नाही रे, मलाच झालंय. मग ठेवून काय करू? या लोकांनी बावीस वर्षं सोबत केली. म्हणून बाबांचा संच संघटनेला देते. उद्याच्या बोटीनं पाठवते. तुझी हरकत असली तर आत्ता सांग.”

मग ती थांबली. तिने बटण सोडलं होतं. ताई नेहमी बटण सोडून वाट बघायची.

कवळीवाल्यांनी झडप घातली. “आहे! हरकत आहे! ताई, तुझे कान ठणठणीत आहेत! पाठवू नकोस!” पण बसलेल्या घशातून नुसती फुसफुस निघाली. बायकोने त्यांच्या हातातून माइक ओढून घेतला आणि बटण दाबून ओरडली, “वन्संऽ!” त्याच क्षणी आणखी तीस-चाळीस जणांनाही शांतता यशस्वी झाल्याबद्दल आभार मानायची आठवण झाली.

बायकोने बटण सोडलं तेव्हा ताई म्हणत होती, “काही म्हणाला असशील तर मला नाही ऐकू आलं रे बाबा. हरकत नाही असं समजते. साडेनऊ झाले. सांभाळा सगळे.” मग खट्ट आवाज झाला.

कवळीवाले उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.  

संच बोटीने आला. पत्त्यावर नुसतं ‘अध्यक्ष, राष्ट्रीय हौशी रेडिओ संघटना’ असं होतं, त्यामुळे तो कोणाच्या ताब्यात द्यायचा यावरून वाद लागला. समझोता बुधवारपर्यंत टिकला आणि गुरुवारी मोडला. संच कार्यालयातल्या कपाटात ठेवून दोन्ही गटांनी कपाटाला आपापलं कुलूप घातलं. कवळीवाल्यांनी तो ताईला परत मिळावा म्हणून अर्ज केला. दोघांकडूनही कळवण्यात आलं, की देणगीवर विहित मुदतीत, म्हणजे शांतता रविवारी साडेनऊपर्यंत, नातेवाइकांची हरकत ध्वनित झालेली नाही. संचाचा ताबा कोणाचा, हा विषय येत्या रविवारच्या हजेरीत चर्चेला घेण्यात येईल.

त्या रविवारी दोन्ही अध्यक्ष नव्या कवळ्या लावून नऊला हजर होते. कवळ्या अप्रतिम बसल्या होत्या. ‘स’ आणि ‘श’ अगदी स्वच्छ येत असणार, पण ते सांगणं कठीण होतं, कारण दोघे एकाच वेळी बोलत होते आणि दोनशे अकरा सभासद त्यांना थांबवत होते. बेटावर त्या वेळी ताई शेळीशी मोठमोठ्याने बोलत बसली असेल. पुढच्या महिन्याची बोट जाईपर्यंत तिला कोण सांगणार, की एवढं ओरडायची गरज नाही.

कवळीवाले संचासमोर सरसावून बसले. या वेळी त्यांनी हरकत सात मुद्द्यांत लिहून आणली होती.

“अहो, वन्संकडे तर संच नाही, आणि हे सगळे तर बोलताहेत,” दारातून बायको म्हणाली. “तुमचं ऐकतंय कोण?”

“शूऽ!” अंगठ्याने बटण दाबत कवळीवाले म्हणाले, “मी बोलतोय.”