पाटीवरचा ब्रिगेडियर

गुन्हेगारांना झोप लागत नाही ती आपल्यामुळे, असं दाजींचं स्वतःबद्दलचं मत होतं. आपली नजर घारीची आणि कान सशाचे, हे ते नव्या माणसाला पहिल्या भेटीतच सांगून टाकत. मेंदूबद्दल बोलायचं ते टाळत, कारण त्यांच्या मते ते समोरच्याला झेपलं नसतं. पोटापाण्यासाठी त्यांनी हयातभर पाण्याचे मीटर तपासले होते. त्या नोकरीत हुद्दा होता 'पाणी मीटर तपासनीस'. निवृत्त झाल्यावर त्यांनी नवीन व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली, तेव्हा त्यातले पहिले दोन शब्द गाळले आणि खाली 'गुप्तता पाळली जाईल' ही ओळ वाढवली. गळ्यात दोरीला अडकवलेलं एक मोठं भिंग असे. ते त्यांनी धाकट्या साडूंच्या चष्म्याच्या दुकानातून 'तपासाच्या कामी' नेलं होतं, आणि त्याचे पैसे कुठे गेले हे एकच रहस्य असं होतं, ज्याला दाजींनी कधी हात घातला नाही.

हे धाकटे साडू म्हणजे चष्मेवाले. दाजींचे मदतनीस, साक्षीदार आणि बॅगा उचलणारे, असे तिन्ही ते एकटेच होते. त्यांनी या पदासाठी अर्ज केलेला नव्हता. थोरल्या बहिणीचा नवरा दाजी आणि धाकटीचा नवरा आपण, एवढ्या एका योगायोगावर त्यांची नेमणूक झाली होती.

तर या चष्मेवाल्यांची लेक परदेशात शिकून डोळ्यांची डॉक्टर झाली. पदवीदान होतं. तिने फोनवर बजावलं होतं, "बाबा, कार्यक्रम सुरू झाला की दार लावतात आणि मग कुणालाही आत सोडत नाहीत. वेळेवर या. स्टेजवर गेले की मी आधी तुम्हालाच शोधणार आहे." चष्मेवाल्यांनी तेव्हापासून दुसरं काही मनात येऊ दिलं नव्हतं. दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम ठेवताना मधेच ते हसायचे आणि गिऱ्हाईक आरशात आपलं काय चुकलं ते बघायचं.

विमानतळावर गाडी पाठवते, असंही ती म्हणाली होती. पण दाजींनी ते ऐकून कान टवकारले. नवखा माणूस परदेशात दोनच ठिकाणी बुडतो, असं त्यांनी चहा पिता पिता जाहीर केलं. एक पैशांच्या बाबतीत, आणि दुसरं विमानतळावरून बाहेर पडताना. तेव्हा ही दोन्ही खाती आपण स्वतः सांभाळू, बाकीच्यांनी फक्त चालायचं.

त्यांनी खाती सांभाळली ती अशी. परदेशी नोटा त्यांनी आपल्या बंडीच्या अस्तरात ठेवल्या आणि बायकोकडून त्यावर दुहेरी टीप मारून घेतली. ती उसवायला लागणारी कात्री त्यांनी आठवणीने हातातल्या पिशवीत ठेवली, आणि ती निघतानाच सुरक्षा तपासणीत काढून घेतली गेली. सगळ्यांची कार्डं त्यांनी स्वतःकडे घेतली आणि आदल्या दिवशी त्यांचे पिन बदलले, म्हणजे कुणाला ओळखता येऊ नयेत. लेकीची गाडी नको म्हणून दुसरी गाडी स्वतःच ठरवली आणि तिचे पैसे आधीच भरून टाकले. बुकिंगचा मेसेज आला तो एकदा वाचून पुसून टाकला, कारण मागे पुरावा ठेवायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे परक्या माणसाला खरी ओळख द्यायची नाही. विमानात शेजारच्याला त्यांनी आपण चहाचे व्यापारी असल्याचं सांगितलं, शिक्के मारणाऱ्या अधिकाऱ्यासमोरच्या रांगेत ते निवृत्त न्यायाधीश झाले, आणि सामानाच्या पट्ट्यापाशी एका बाईंना त्यांनी आपल्या उसाच्या संशोधनाबद्दल बरंच काही ऐकवलं.

दोघे साडू आणि दोघी बहिणी असे चौघं बाहेर आले तेव्हा कठड्यापलीकडे पाट्या घेतलेले ड्रायव्हर उभे होते. दाजींनी भिंग डोळ्याला लावून पाट्या वाचल्या. मग चष्मेवाल्यांनी चष्मा पुसून वाचल्या. त्यांच्या नावाची पाटी नव्हती. एकेक ड्रायव्हर आपापले पाहुणे घेऊन निघून गेला आणि शेवटी एकच उरला. जाडसर, टोपी घातलेला, आणि हातातल्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'ब्रिगेडियर'. खाली आणखी काहीतरी होतं, पण ते त्याच्या तळव्याखाली झाकलं होतं.

"आपल्या ड्रायव्हरला पळवलंय," दाजी हलक्या आवाजात म्हणाले.

चष्मेवाल्यांनी विचारलं की त्याला पळवून कुणाला काय मिळणार. दाजींनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं. गळती नेहमी सांध्याजवळ असते, ते म्हणाले, आणि विमानतळ आणि शहर यांचा सांधा म्हणजे ड्रायव्हर. मीटरच्या नोकरीतलं हे ज्ञान ते कुठेही लावत, एकदा त्यांनी ते एका लग्नातही लावलं होतं.

टॅक्सी करू या, असं धाकटीने सुचवलं. पण टॅक्सीला पैसे हवे होते, आणि पैसे दुहेरी टिपेच्या आत होते. थोरलीने दातांनी टाका तोडून पाहिला. तिची शिवण पक्की होती, आणि हे तिलाही त्या क्षणी आवडलं नाही. मग दाजी रुबाबात एटीएमपाशी गेले. पहिला पिन चुकला. दुसराही चुकला. तिसऱ्या वेळी मशीनने चष्मेवाल्यांचं कार्ड गिळलं. दाजी परत आले ते उलट खुशीत. मशीनही टोळीला सामील आहे, याची त्यांना आता खात्री पटली होती, आणि उरलेली कार्डं त्याच्या तोंडी द्यायला त्यांनी साफ नकार दिला.

एवढ्यात त्या पाटीवाल्याने त्यांच्याकडे बघून बोटाने माणसं मोजली. मग बॅगा मोजल्या.

"बघितलंत? माल मोजतोय. हा टोळीचा पाळत ठेवणारा," दाजी कुजबुजले आणि त्यांनी भिंग घाईघाईने बंडीत खुपसलं. ब्रिगेडियर हा संकेताचा शब्द असणार, म्हणजे प्रकरण शस्त्रास्त्रांपर्यंत जातंय, असंही त्यांनी पुढे जोडलं. थोरली म्हणाली की आपल्या बॅगांत शेंगदाण्याची चटणी आणि स्वेटर आहेत. दाजी म्हणाले की हे टोळीला कुठे ठाऊक आहे.

पाटीवाला कठडा ओलांडून पुढे आला आणि अदबीने इंग्रजीत विचारता झाला, की आपणच ब्रिगेडियर का. दाजींनी छाती पुढे काढली. नाही, ते ठणकावून म्हणाले, मी चहाचा व्यापारी आहे, आणि मला कुठल्याही ब्रिगेडियरशी घेणंदेणं नाही. पाटीवाला माफी मागून मागे गेला.

त्यानंतर दाजींनी सगळ्यांना एका खांबाआड नेलं. पाटीवाला चालत खांबाच्या दिशेने आला. दाजींनी मंडळी दुसऱ्या दरवाज्यापाशी नेली. पाटीवाला तिथेही येऊन आजूबाजूला पाहू लागला. पाच बॅगा, दोन ढकलगाड्या आणि गुडघे धरलेल्या दोन बहिणी घेऊन ही वरात सगळ्या हॉलभर फिरली, आणि प्रत्येक वळणावर ती पाटी त्यांच्या आधी हजर होती. त्या माणसाचा चेहरा आता रडवेला झाला होता. त्याने घड्याळ पाहिलं, फोन लावला, डोकं हलवलं. निर्ढावलेला गुन्हेगार इतका रडवेला कसा दिसतो, हे चष्मेवाल्यांना काही केल्या उमजेना.

त्यांनीही घड्याळ पाहिलं. कार्यक्रमाची वेळ जवळ आली होती. लेकीला फोन लागत नव्हता, ती केव्हाच सभागृहात गेली असणार. तिला पहिला चष्मा त्यांनीच बसवला होता. दुकानाच्या पायरीवर उभी राहून तिने समोरच्या झाडाची पानं वेगवेगळी दिसतात म्हणून टाळ्या वाजवल्या होत्या. आज ती स्टेजवरून त्यांना शोधणार होती आणि ते एका खांबामागे लपून बसले होते.

"दाजी, बास," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला. "मी आजवर तुमच्यापुढे एक शब्द बोललो नाही. भिंगाचे पैसेसुद्धा मागितले नाहीत. पण माझी पोर तिथे वाट बघतेय. तो माणूस टोळीचा असला तर असू दे. त्याच्याकडे गाडी असेल, मी त्याच्या पाया पडतो."

दाजी काही बोलणार, तोच बॅगेवर बसलेली थोरली उठली. इतका वेळ ती पाटीकडेच बघत होती. पाटीवाल्याने हात अवघडला म्हणून पुठ्ठा दुसऱ्या हातात घेतला होता आणि खालची ओळ उघडी पडली होती. तिने चष्मा नाकावर सरकवून, शाळेत वाचावं तसं एकेक शब्द सुटा करून वाचलं.

"चार माणसं. पाच बॅगा. गळ्यात भिंग."

धाकटीने आधी माणसं मोजली, मग बॅगा. मग तिघांनी मिळून दाजींच्या बंडीकडे पाहिलं.

"अहो," थोरली शांतपणे म्हणाली, "बुकिंग करताना तुम्ही कोण होता?"

दाजींनी आठ्या घातल्या. न्यायाधीश की व्यापारी, ते आठवू लागले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. सैन्यातला माणूस म्हटलं की ड्रायव्हर वचकून राहतो, एवढंच ते पुटपुटले.

पाटीवाल्याला त्यांनी भिंग काढून दाखवलं, तेव्हा तो बिचारा आनंदाने जवळजवळ रडला. त्याने खाडकन सलाम ठोकला, सगळ्या बॅगा एकट्याने उचलल्या आणि गाडी अशी हाणली की थोरलीने वाटभर डोळे मिटून घेतले. गाडीतल्या प्रथमोपचाराच्या पेटीत कात्री निघाली. तिने डोळे मिटूनच बंडी उसवली, आणि ते बंडीवर दिसून येत होतं.

सभागृहाचं दार लागलेलं होतं. दारावरचा माणूस मान हलवून नाही म्हणाला. चष्मेवाल्यांनी पास दाखवला, हात जोडले, मुलीचं सांगितलं. तो वाईट वाटल्यासारखा हसला आणि पुन्हा नाही म्हणाला. चष्मेवाले त्या बंद दाराकडे बघत तसेच उभे राहिले.

तेवढ्यात मागून टोपीवाला ड्रायव्हर धावत आला आणि दारवानाच्या कानाशी लागला. दारवानाने दाजींकडे निरखून पाहिलं. अस्तर लोंबणारी बंडी, गळ्यात भिंग, प्रवासाने ताठलेली मान. त्याने टाचा जुळवल्या आणि दार उघडलं. ब्रिगेडियर आणि त्यांचं कुटुंब यांना थेट पहिल्या रांगेत नेण्यात आलं. व्यासपीठावरचे एक वयस्कर गृहस्थ उठून किंचित झुकले. दाजींनीही झुकून उत्तर दिलं, तेव्हा अस्तरातून एक नोट खाली पडली आणि धाकटीने ती पायाखाली घेतली.

मग लेकीचं नाव पुकारलं गेलं. ती स्टेजवर आली आणि डोळे बारीक करून लांब मागच्या रांगांत शोधू लागली. चष्मेवाले उठून उभे राहिले. तिने खाली पाहिलं, तर बाबा अगदी समोर. पदवी घ्यायचं विसरून ती त्यांच्याकडे बघत हसत राहिली, आणि चष्मेवाल्यांना मात्र पुढचं काही नीट दिसलं नाही, चष्मा काढून पुसला तरी दिसलं नाही.

"हे सगळं मी आधीच योजलं होतं, साडूभाऊ," दाजी कानात म्हणाले.

चष्मेवाल्यांनी हात पुढे केला. दाजींनी थोडा वेळ तो हात पाहिला, मग गळ्यातलं भिंग काढून त्यावर ठेवलं.

कार्यक्रम संपल्यावर लेक धावत आली, बाबांच्या गळ्यात पडली, डोळे पुसले आणि मग पलीकडे पाहिलं. दाजींभोवती पाचसात परदेशी पाहुणे जमले होते आणि दाजी हातवारे करून एका लढाईचं वर्णन करत होते.

"बाबा, सगळे विचारतायत. ते ब्रिगेडियर आपल्यातले आहेत का म्हणून. काय सांगू?"

चष्मेवाल्यांनी खिशातलं भिंग चाचपलं.

"नाही म्हण," ते म्हणाले. "गाडीत भेटले."