मायचं नाव सांगा

रविवारी दुपारी टिकारामने टीव्हीवर एका विसराळू म्हाताऱ्याचा सिनेमा पाहिला आणि घरात पंचाईत करून ठेवली. सिनेमातला म्हातारा आधी वार विसरला, मग बायकोचं नाव आणि शेवटी घराचा रस्ता. शेजारी बसून सिनेमा पाहणारे त्याचे वडील गोमाजी अठ्ठ्याहत्तरचे होते आणि रोज एकटे सायकलने शेतातल्या भाताच्या बांधीतलं पाणी पाहायला जात. टिकारामने उठून सायकलला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली.

"काहून रे?"

"आधी सांगा बाबा, आज वार कोणता?"

"तू घरी दिसून राहिला, म्हणजे इतवारच."

"सकाळी काय जेवले?"

"भात. तुनं का पुरणपोळी खाल्ली?"

"मायचं नाव सांगा."

गोमाजींनी छताकडे पाहिलं, मग पंख्याकडे.

"राशन कार्डावर हाय. वाचून घे."

टिकाराम हादरला. सिनेमातला म्हाताराही अगदी असाच चिठ्ठी काढून वाचत होता!

"कुलदीपची माय, ऐकून राहिली काय? बाबाले मायचं नाव नाही आठवून राहिलं!"

"तुमाले आठवते का माझं?" आतून बायकोने विचारलं. अशा आणीबाणीत भलत्या प्रश्नांना उत्तरं देणं टिकारामला जमण्यासारखं नव्हतं.

तो तांदूळ निवडणाऱ्या गोदावरीबाईंकडे वळला. "माय, बाबाचं नाव काय?"

"चल, काहीतरीच!" डोक्यावरचा पदर पुढे ओढत त्या सूप घेऊन स्वयंपाकघरात गेल्या.

टिकारामने खिशातली किल्ली काढून मुठीत घट्ट धरली. म्हणजे दोघंही!

"किल्ली दे बावा," गोमाजी काकुळतीला आले, "पाणी वाहून जाईन बांधीतलं."

"नाव सांगा, किल्ली न्या. नाही तं उद्या दवाखाना, अन् सायकल कायमची बंद!"

गोमाजींनी सायकलकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दोनदा खाकरले. मग भिंतीला सांगावं तसं पुटपुटले, "गोदावरी."

आत सूप पडलं. गोदावरीबाई दारात आल्या. तोंड लालबुंद झालं होतं.

"टिकाराम! पंचावन वर्षं झाले लग्नाले, एका डाव माझं नाव नाही घेतलं या माणसानं! खरंच डोस्कं फिरलं यायचं. किल्ली देऊ नको!"

टिकाराम हातातल्या किल्लीकडे बघतच राहिला. नाव सांगितलं तरी आजार, नाही सांगितलं तरी आजार.

गोदावरीबाईंनी पदर सारखा केला आणि हळूच म्हणाल्या, "अखीन एकदा इचारून पाय बरं."