लिमयांच्या रिपोर्टचं पहिलं वाक्य

मंगल कार्यालयात शिरल्यावर माणसं यजमानांना शोधतात, नाहीतर पहिली पंगत कधी बसणार ते विचारतात. आमचे शेजारी लिमये मागचं दार शोधतात, आग लागली तर बाहेर पडायला. माझ्या भाचीच्या लग्नात त्यांनी ते शोधलं, तर त्याला कुलूप. मॅनेजरला गाठून, किल्ली आणवून, दार उघडून घेईपर्यंत त्यांनी अक्षता हातात घेतल्या नाहीत. मुहूर्त चार मिनिटांवर आला होता.

"मंगलाष्टकं दार उघडं ठेवूनही होतात," ते मला शांतपणे म्हणाले.

लिमये केमिकल इंजिनिअर. सगळी नोकरी तेलशुद्धीकरण कारखान्यांत झाली, आधी मुंबईला, मग आखातात. कच्चं तेल उकळून त्यातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल वेगळं काढणारे उंच मनोरे असतात. ते नीट चालेनासे झाले की का चालत नाहीत ते सांगायचं, हे त्यांचं काम. पत्नी वारल्या, मुलगा अमेरिकेत स्थिरावला, तेव्हा अठ्ठ्याण्णव साली ते रत्नागिरीत आमच्या शेजारी राहायला आले आणि दारावर 'कन्सल्टंट' अशी पाटी लावली.

निम्म्या आळीला ते डॉक्टर वाटले. खालच्या आळीतल्या एक आजी गुडघे दाखवायला आल्या. लिमयांनी त्यांना परत पाठवलं नाही. समोर बसवून विचारलं, "कधीपासून दुखतंय? त्याच्या आधी काय बदललं?" अर्ध्या तासाने निघालं ते असं, की आजींनी नव्या चपला घेतल्या होत्या. चपला बदलल्या, गुडघे थांबले. आजी अजून त्यांना डॉक्टरच म्हणतात.

"आधी काय बदललं?" हा प्रश्न ते कुणालाही विचारत. मोटरपंप बंद पडला, कलमाचा मोहोर गळला, कुणाचं जावयाशी बिनसलं, तरी हाच. एकदा आमच्याकडे आमटी खारट झाली होती. त्यांनी विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात आमची ही म्हणाली, "मीठ." लिमयांनी मान डोलावली आणि जेवू लागले.

दोन हजार एक सालच्या श्रावणात लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीने त्यांना बोलावलं. त्यांनी मला बरोबर घेतलं. कारण सरळ होतं. "मला गाडीत झोप लागते. ड्रायव्हरशी बोलायला कुणीतरी जागं पाहिजे."

कंपनीत वापरलेलं सॉल्व्हंट, म्हणजे रसायनं विरघळवायचं द्रव, उकळून शुद्ध करणारा एक मनोरा होता. माल सारखा बिघडत होता. मॅनेजरचं म्हणणं, ऑपरेटर गुरवने मनाने वाफ बंद केली, म्हणून शेवटची बॅच वाया गेली. गुरवला घरी बसवलं होतं. लिमयांनी फक्त मनोऱ्याचं दुखणं सांगायचं होतं.

केबिनमध्ये चहा आला, नकाशे आले. लिमये म्हणाले, "गुरवला बोलवा."

"तो सस्पेंड आहे, सर."

"मग मी त्याच्याकडे जातो. कुठे राहतो?"

शेवटी कंपनीने गाडी पाठवली आणि खोलीवरून गुरवला आणलं. चाळिशीचा, देवरूखकडचा शिडशिडीत माणूस. साहेब ओरडणार अशी तयारी करून आला होता. लिमयांनी त्याला खुर्ची दिली.

"वाफ का बंद केलीस?"

"आवाज बदलला व्हता सायेब. आतमदे पाणी भरल्यागत गुडगुडत व्हता. तापमान बरोबर दिसत व्हतं, पन आवाज बरोबर नव्हता."

लिमये उठले. मनोऱ्यापाशी जाऊन त्यांनी थर्मामीटर बसवलेली नळी उघडायला लावली. तिच्यात तेल असावं लागतं, तर आतली उष्णता थर्मामीटरला नीट पोचते. नळी कोरडी ठणठणीत होती. काटा खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवत होता. तो बरोबर आकड्यावर आणायला सगळे वाफ वाढवत होते आणि मनोरा तुंबत होता. एकट्या गुरवने कानावर विश्वास ठेवला होता.

चार दिवसांनी लिमयांनी रिपोर्ट पाठवला. पहिलं वाक्य होतं, 'ऑपरेटर श्री. गुरव यांचा निर्णय योग्य होता.' मॅनेजरचा फोन आला तेव्हा मी तिथेच पेपर वाचत बसलो होतो. रिपोर्ट उत्तम आहे, फक्त ते पहिलं वाक्य काढावं, वरती मुंबईला जाणार आहे, असं काहीतरी ते सांगत असावेत.

"वाक्य काढायचं तर खालची सहीही काढा," लिमये म्हणाले. "नुसतं वाक्य निघणार नाही."

वाक्य राहिलं. गुरव कामावर गेला. त्या कंपनीने लिमयांना पुन्हा कधी बोलावलं नाही.

भाद्रपदात एका रविवारी सकाळी गुरव पत्ता विचारत आला. पिशवीत घरच्या परड्यातली दोन मोठी तवशी, म्हणजे कोकणातल्या जाड काकड्या, होती. लिमये अवघडले. "हे कशाला? मी तुझ्यासाठी काही केलं नाही. नळी कोरडी होती, ते लिहिलं." मग दारातच थांबून म्हणाले, "तो आवाज नक्की कसा होता? बस जरा."

मी तवशी घेऊन आमच्याकडे आलो. तासाभराने कोशिंबिरीची वाटी द्यायला गेलो, तर टेबलावर भला मोठा कागद पसरलेला. लिमये मनोऱ्याचं चित्र काढत होते आणि गुरव बोट ठेवून सांगत होता, "हितं नाय सायेब, गुडगुड ह्याच्या वरती व्हती." लिमयांनी मुकाट्याने रबर घेतलं, खोडलं, वर काढलं. वाटी ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी ती खिडकीत ठेवली. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

जेवणं तिथेच झाली. दुपारच्या देवरूख गाडीला लिमये त्याला स्टँडपर्यंत सोडायला गेले. मी होतोच बरोबर. गाडी हलायच्या आधी त्यांनी खिडकीशी जाऊन विचारलं, "पुढच्या रविवारी शिफ्ट आहे का तुला?"

"नाय सायेब."

"मग ये. उरलेलं बघू."

परतताना ते काही बोलेनात. मला वाटलं, वाईट वाटलं असेल. घरी आल्यावर हिने विचारलं, चहा टाकू का, तर त्यांच्या घशातून आवाज फुटेना. खाकरून ते कसेबसे म्हणाले, "घसा बसलाय. फार बोललो आज."

ही मिठाचं पाणी गरम करायला आत गेली. मी हिशेब करत राहिलो: तीन वर्षं आमची भिंतीला भिंत, आणि इतक्या दिवसांत त्यांच्या कामाबद्दल मी त्यांना एकदाही काही विचारलं नव्हतं.