मुकादम गुरुजींचं बारा भागांचं वर्ष

मुकादम गुरुजी भाकरी खायच्या आधी तिचे बारा तुकडे करत. मधल्या सुट्टीत डबा उघडला की तांदळाची पांढरी भाकरी झाकणावर ठेवायची, आधी तिचे चार भाग करायचे, मग प्रत्येक भागाचे तीन. हे चाललेलं असताना कुणी मध्ये बोललेलं त्यांना खपत नसे. बारा तुकडे नीट झाले की मग ते मान वर करून म्हणत, "हां बाई, आता बोला."

"गुरुजी, दहा का नाही करत?" मी एकदा विचारलं.

"दहा तुकडे तिघांत वाटून दाखवा बघू. बारातून अर्धा निघतो, तिसरा निघतो, चौथा निघतो, सहावा निघतो. अल्लानं वर्षाला महिने बारा दिले ते काय उगीच?"

मग दोन तुकडे माझ्या डब्यात पडत. "तुमचा एक षष्ठांश." मीही माझ्या ज्वारीच्या भाकरीचा सहावा भाग त्यांना देई. तो ते हातात धरून निरखत आणि म्हणत, "तुमची भाकरी मोठी, माझी लहान. दोन्हींचा सहावा भाग सारखा नव्हे. पण चालतं, तुम्ही पावण्या."

मी सुलभा, सांगलीची. ऐंशी सालानंतर लगेचच मला रत्नागिरीला नोकरी लागली, तीही खाडीपलीकडच्या शाळेत. रत्नागिरी गावातच एक खोली घेऊन राहत होते. माझं बोलणं इथल्या लोकांना भांडल्यासारखं वाटायचं आणि त्यांचं मला गाणं म्हटल्यासारखं. मुकादम गुरुजी राजिवड्याचे, गावातल्याच खाडीकाठच्या वस्तीतले. पन्नाशी उलटलेली, उंच, किडकिडीत, डोक्यावर लोकरीची टोपी, भर उन्हाळ्यातसुद्धा. पाचवीला गणित शिकवायचे, आणि खरं सांगायचं तर पाचवीच्या गणितातलं एकच प्रकरण शिकवायचे, भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी. बाकीची प्रकरणं ते पाहुण्यासारखी आदरानं बसवून लगेच निरोप देत.

"आधी छेद समान करा" हे त्यांचं वाक्य शाळेत एवढं मुरलं होतं की मुख्याध्यापकांच्या खोलीत दोन शिक्षकांची जुंपली तरी शिपाई दारातून म्हणायचा, "आधी छेद समान करा ओ!" गुरुजींचं म्हणणं असं, की जगातली निम्मी भांडणं एक जण तिसऱ्या भागात बोलतो आणि दुसरा चौथ्या भागात, म्हणून होतात. हे ऐकून मी हसायचे. पण माझं आणि घरमालकिणीचं पाण्यावरून वाजलं तेव्हा मनातल्या मनात मी तेच वाक्य म्हणत जिना चढले.

शाळेत जायचं तर होडीनं. सकाळची खाडी म्हणजे मला अजून स्वप्नातली वाटते. पाणी इतकं संथ की होडी पुढे जातेय की पलीकडचे माड सावकाश आपल्याकडे येतायत ते कळू नये. अशा वेळी माणूस बोलत नाही. गुरुजी बोलत.

"अर्धी खाडी झाली," मी म्हणे.

"अर्धी नव्हे. एक तृतीयांश आणि एक अष्टमांश. म्हणजे चोवीसातले अकरा. अर्ध्याला अजून एक कमी." आणि थोड्या वेळानं, वल्ह्याचे दोन-तीन फटके झाले की, "हां. आता अर्धी." त्या "आता"ला होडीवाला वल्हं थांबवून एकदा गुरुजींकडे बघायचा. वीस वर्षं तो ही खाडी ओलांडत होता, पण अर्धी कुठे होते ते त्याला गुरुजींनीच सांगितलं होतं.

एकदा परत येताना ओहोटी लागली आणि होडी ऐन मध्यावर वाळूत रुतली. एप्रिल संपत आलेला. होडीत तीन जावा होत्या आणि त्यांच्या मध्ये एक भलाथोरला फणस. पाणी भरायला दोन तास तरी जाणार म्हटल्यावर जावांना भांडायला निवांत वेळ मिळाला.

"मना आत्येनं अर्धा दिलान," थोरली म्हणाली.

"नि मना तिसरा हिस्सा कुणी सांगितलान? तिच्याच त्वांडानं सांगितलान," मधली.

"मना पाव," धाकटी हळूच म्हणाली.

सासूनं तिघींना वेगवेगळं गाठून वेगवेगळं वचन दिलं होतं. गुरुजींचे डोळे चमकले. त्यांनी बोट पाण्यात बुडवून फळीवर लिहायला घेतलं. "आधी छेद समान करा. अर्धा म्हणजे बारातले सहा. तिसरा म्हणजे चार. पाव म्हणजे तीन. सहा, चार, तीन." ते थांबले. "तेरा! फणसाचे भाग बारा नि मागणाऱ्यांचे तेरा."

"मग आता?" तिघी एकदम.

"मग तेरा करू. कुणाचा हिस्सा तोडायचा नाय. सगळ्यांचं इवलं इवलं कमी. आमच्यात वाडवडिलांच्या वाटणीत बेरीज एकाच्या वर गेली तर असंच करतात."

होडीवाल्याच्या कोयत्यानं फणस फोडला. तिथंच फळीवर गऱ्यांचे तेरा वाटे घातले गेले, सहा, चार आणि तीन उचलले गेले, आणि प्रत्येकीनं आपल्यातला एकेक गरा मला दिला. ऊन उतरत होतं. सगळ्या होडीला फणसाचा वास, बोटं चिकाने चिकटलेली, धाकटी काहीतरी गुणगुणत होती. पाणी भरून होडी तरंगायला लागली तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. इतकं सुख मला सांगलीत कधी झालं नव्हतं, हे मी आईला पत्रात लिहिलं नाही.

गुरुजींची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. थोरला सलीम कुवेतला, धाकटा युसुफ जहाजावर, मुलगी शमीम हर्णैला दिलेली. पण "एकटेच असता का?" असं कुणी विचारलं की गुरुजींना राग येई.

"एकटा कसला? सलीमची सुट्टी एक महिना, म्हणजे एक द्वादशांश. युसुफ चार महिने घरी, एक तृतीयांश. शमीम दोन महिने येते, एक षष्ठांश. एक, चार नि दोन, बारातले सात झाले. निम्म्याच्या वर घर भरलेलं! पूर्णातून सात वजा करा, राहिले पाच. तेवढ्याला शाळा आहे."

सात आणि बारा ऐकून शाळेतले सगळे "गुरुजींचा सातबारा" म्हणून हसत, आणि गुरुजीही हसत. मीही हसले होते. माझ्या नीट लक्षात आलं ते पुढच्या वर्षी, होडीत बसल्या बसल्या, आणि मी मूर्खासारखं बोलून गेले.

"पण गुरुजी, ते तिघं मे महिन्यातच येतात ना? युसुफच्या चार महिन्यांतच सलीमचा महिना आणि शमीमचे दोन. मग सात कसे? चारच."

खाडी किती झाली ते त्या दिवशी गुरुजींनी सांगितलं नाही. उतरताना म्हणाले, "बाई, तीस वर्षं हेच शिकवतोय. मला कळत नाय होय ते? पण सात म्हटलं की बरं वाटतं." मला जीभ चावावीशी वाटली.

ते वर्ष त्यांच्या निवृत्तीचं होतं. मे अखेरीला शाळा सुटणार, म्हणजे "तेवढ्याला शाळा आहे" हेही जाणार. चार वजा जाऊन आठ महिने रिकामं घर. मी बोलले त्याचा परिणाम असा झाला, की गुरुजी कामाला लागले. त्यांनी एका मोठ्या कागदावर वर्षाच्या बारा चौकटी आखल्या आणि मुलांच्या सुट्ट्यांचं वेळापत्रक केलं. युसुफनं फेब्रुवारी ते मे यायचं. शमीमनं जुलै-ऑगस्ट. सलीमनं ऑक्टोबर. कुणीही कुणावर चढायचं नाही. तीन नकला काढून एक कुवेतला, एक जहाजाच्या कंपनीच्या पत्त्यावर आणि एक हर्णैला गेली. खाली लाल शाईत सूचना होती, "वेळापत्रक काटेकोर पाळावे."

सलीमचं उत्तर कॅसेटवर आलं. तेव्हा आखातातून अशी बोलकी पत्रं यायची. गुरुजींनी टेपरेकॉर्डर शाळेत आणून मला ऐकवलं. मागे यंत्राची घरघर, आणि सलीमचा दबका आवाज, "अब्बा, सुट्टी कंपनी ठरवते, मी नाय ठरवत. मे मध्येच येतो." युसुफनं कुठल्याशा बंदरावरून चित्राचं कार्ड धाडलं, त्यावर एकच ओळ, "मे मध्ये भेटू." शमीमनं आंतर्देशीय पत्राच्या तिन्ही बाजू भरून मुलाच्या खोकल्याबद्दल लिहिलं आणि शेवटी, "मी भाई येतील तेव्हाच येणार." गुरुजींनी तिन्ही उत्तरं लाल पेनानं तपासली. शमीमच्या पत्रावर शेरा मारला, "रीत नाही. उत्तर चूक."

मे मध्ये मला जेवायला बोलावलं. घर नुसतं गजबजलेलं. पडवीत शमीमचा मुलगा रांगत होता, सलीमनं आणलेल्या अत्तराचा आणि तळलेल्या सुरमईचा वास एकमेकांत मिसळला होता. गुरुजी मात्र टोपी घालून कोपऱ्यात खुर्चीवर फुगून बसलेले.

"बघा बाई," ते मला म्हणाले. "सगळे एकावर एक. तीन महिने फुकट गेले माझे."

शमीम ताट वाढत होती. ती वळून म्हणाली, "अब्बा, तुमच्या कागदावर तुम्ही आम्हाला सात महिने भेटता. पण मी भाईंना कधी भेटायचं? युसुफ गेला की मी येणार, मी गेले की सलीमभाई. आम्ही भावंडं एकमेकांची तोंडं कधी बघायची?"

तेवढ्यात सलीमनं काहीतरी जुनी खोडी काढली आणि युसुफनं त्याच्या पाठीत धपाटा घातला, दोघं तिशीच्या आसपासचे बाप्ये पडवीभर धावायला लागले आणि शमीम पदर तोंडाला लावून हसत खाली बसली. गुरुजी त्यांच्याकडे बघत राहिले. गणित सुटलेल्या मुलाकडे ते जसे बघत, तसे. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि जेवायला बसले.

जूनमध्ये शाळा उघडली आणि पाचवी माझ्या गळ्यात पडली. अर्ध्यात एक तृतीयांश मिळवा म्हटलं की सगळा वर्ग वरच्यात वरचा, खालच्यात खालचा मिळवून दोन पंचमांश लिहायचा. अर्ध्यात भर घातली आणि ते अर्ध्याहून कमी झालं, तरी कुणाला काही वाटत नव्हतं. दुसऱ्याच रविवारी मी वही घेऊन गुरुजींकडे गेले.

तिन्ही मुलं गेली होती. युसुफलाही जहाजावरचं बोलावणं त्या साली लवकर आलं. घर इतकं शांत की भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज अंगणात येत होता. गुरुजी पडवीत पाट घेऊन लिहीत बसले होते. मला बघून त्यांनी कागद पाटाखाली सारायला घेतला, पण वाऱ्यानं तो उडून माझ्याच पायाशी आला.

कागदावर चौकटी होत्या, पण बारा नव्हेत. बारीक बारीक, उभ्या बारा, आडव्या सात. मी मोजून पाहिल्या. खालची अख्खी ओळ पेन्सिलीनं हलकी रंगवली होती आणि शेजारी लिहिलं होतं, "रविवार, एक सप्तमांश. सुलभाबाई?"

"बाराला सातानं भाग जात नाय," गुरुजी माडांकडे बघत म्हणाले. "म्हणून चौऱ्याऐंशी करावे लागले. अजून कच्चं आहे ते. तुम्हाला विचारणार होतो."

रविवारी मी काय करायचे? कपडे धुवायचे, आईला "मजेत आहे" असं पत्र लिहायचे, आणि संध्याकाळ लवकर व्हावी म्हणून झोपायचा प्रयत्न करायचे. हे मी रत्नागिरीत कुणाला सांगितलं नव्हतं.

पाटावरचं खोडरबर घेऊन मी माझ्या नावापुढचं प्रश्नचिन्ह खोडलं. मग आवाज शक्य तितका मास्तरीण बाईंचा करून म्हटलं, "पण गुरुजी, यातून मे मधले रविवार वजा करायला हवेत. तेव्हा घर भरलेलं असतं."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, चुकलेल्या मुलाकडे बघतात तसं.

"ते कशाला वजा करता? तेव्हा तर या. पोरं विचारत होती, त्या बाई पुन्हा कधी येणार म्हणून."