डिस्को आत्याची गिरणी

भोकरदनला आमच्या गल्लीत दळणाला किती वेळ लागेल हे घड्याळावर कुणी सांगत नसे. ते गाण्यावर सांगितलं जाई.

"जवारी हाय? एक गाणं बस. गहू असंल तर दोन. हरभऱ्याची डाळ आणली असंल तर घरी जाऊन सैपाक करून ये, बाजू पलटल्यावर तुझा नंबर."

असं सांगणारी बाई म्हणजे गिरणीवाली कौसाबाई. सगळ्या गल्लीची डिस्को आत्या. आणि गाणी म्हणजे कुठलीही नव्हेत. एकाच डिस्को पिक्चरची, एकाच कॅसेटवरची. मी शाळेत होते तेव्हा तीच, जालन्याला कॉलेजात गेले तेव्हा तीच, सुट्टीत परत आले तरी तीच. मधल्या काळात हिरो बदलले, फॅशन बदलली, आमदार बदलला. आत्याची कॅसेट बदलली नाही. कव्हरवरच्या चमकीच्या कोटातल्या हिरोवर इतकं पीठ बसलं होतं की तो आता हिरो कमी आणि बुंदी पाडणारा आचारी जास्त दिसायचा.

गिरणी डिझेल इंजिनावर चालायची, कारण लाईटचा भरवसा नव्हता. इंजिनाचा ठोका अख्ख्या गल्लीच्या छातीत वाजायचा. त्या आवाजात दुसरं गाणं टिकत नाही, हे आत्याचं संशोधन होतं आणि ती ते प्रयोगाने सिद्ध करून दाखवायची. पोरं नवीन पिक्चरच्या कॅसेटी आणायची. आत्या लावायची, हॉपरमधल्या गव्हावर हात फिरवत मान वाकडी करून ऐकायची आणि निकाल द्यायची.

"पीठ झालं. घेऊन जा."

भावगीताचं पीठ झालं. कव्वालीचं जाडंभरडं झालं. माझ्या संघटनेच्या क्रांतिगीतांची कॅसेट मी मोठ्या हौसेने नेली, तर म्हणाली, "हा तर नुसता कोंडा हाय बाई." मग आपली कॅसेट लावली. इंजिनाचा ठोका आणि गाण्याचा ठोका एकमेकांत असा बसला की पट्टासुद्धा तालावर फिरतोय असं वाटावं. "बघ," आत्या म्हणाली, "गिरणीतून साबुत निघालं ते गाणं."

मी रागारागाने माझी कॅसेट पर्समध्ये कोंबली.

एकदा टेपने कॅसेट खाल्ली. आत्याने खराब झालेली फीत कात्रीने कापली आणि चिकटपट्टीने जोडली. सगळ्यात गाजलेल्या गाण्यातली एक ओळ त्यात गेली. आमच्या गल्लीतल्या पोरांनी ते गाणं तसंच पाठ केलं, तसंच नाचून बसवलं. पुढे आष्टीला एका वरातीत बँडवाल्यांनी ते पूर्ण वाजवलं आणि आमची सगळी पोरं एक ओळ आधीच गिरकी घेऊन मोकळी झाली. बँडमास्तरने क्लॅरिनेट तोंडातून काढलं. "ही भोकरदनची पोरं ओळ गिळून राह्यलेत का काय?" आत्याला हे सांगितलं तर ती शांतपणे म्हणाली, "गिळली तर गिळली. पोट दुखलं का कुणाचं?"

तिने तो पिक्चर मात्र कधी पाहिला नाही. गणपतीत व्हिडिओ आणला, पडदा लावला, खास तिच्यासाठी पहिल्या रांगेत सतरंजी टाकली. ती आली नाही.

"गाणी चांगली हायेत, तेवढं बास. माणूस चांगला वाटला म्हणून त्याच्या घरी नांदायला जाऊ न्हाई. मी एकदा गेल्ते."

हे ती हसत बोलायची. गल्लीही हसायची. आणि इथेच माझं डोकं फिरायचं.

कारण आत्या नांदायला गेली होती आणि दोन वर्षांत परत आली होती. नवऱ्याने परभणीला दुसरं घर केलं. बापाने जमीन मुलाला ठेवली आणि गिरणी पोरीच्या हातात दिली. तेव्हापासून ती पहाटेपासून पापण्यांपर्यंत पांढरी. त्या पांढऱ्या चेहऱ्यावर ठसठशीत कुंकू तेवढं लाल. मी त्या वेळी जालन्याच्या आमच्या संघटनेत टाकलेल्या बायकांचे प्रश्न मांडत होते. पत्रकं लिहायचे, स्वतः सायक्लोस्टाइल करायचे, बाजाराच्या दिवशी वाटायचे. पहिलं पत्रक आत्याला दिलं. तिने मला ते मोठ्याने वाचायला लावलं.

"परित्यक्ता म्हणजे काय गं?"

"टाकलेली."

"मला कोण टाकलं?"

"आत्या, नवरा सोडून गेला ना."

तिने चाळण उचलली, माझ्या डोळ्यांसमोर हलवली. "चाळल्यावर कोंडा बाहेर जातो, पीठ घरात राह्यतं. आता सांग, कोण कुणाला टाकलं?"

तेव्हापासून मी दिसले की म्हणायची, "आलं पत्रक." माझं नाव तिने कधी घेतलंच नाही.

तिच्या भावाची, भाऊरावांची मोठी मुलगी सुनी. सुनीच्या पाठीवर लगेच दुसरं मूल झालं, म्हणून ती तान्ही असताना गिरणीतच वाढली. पोत्यांच्या थप्पीवर धोतराची झोळी, बाजूला इंजिन, वर डिस्को. ही पोर घरी नेली की शांततेने घाबरून रडायची. आत्याने तिला न्हाऊ घातलं, शाळेत पोचवलं, तिची पहिली वेणी घातली. दहावीत गणितात नापास झाली तेव्हा बापाने मारायला हात उचलला, तर मध्ये आत्या उभी राहिली. "जवारीचा हिशेब मला कळतो, गणित मलाबी कळत न्हाई. मंग मलाबी मार."

त्या सुनीचं लग्न ठरलं. मुलगा वडीगोद्रीचा. भाऊराव हळकुंडांचं पोतं घेऊन गिरणीत आले, तेव्हा मी दळणासाठी तिथेच बसले होते.

"कौसे, हळद बारीक काढ. सगळ्या सोयऱ्यांकडं पुड्या जायच्यात."

"काढते. दगड धुऊन घेते, त्या दिशी दुसरं दळण घेत न्हाई."

"अन् टेप लागंल. दोन्ही दिवस."

"घेऊन जा की."

भाऊराव उंबऱ्यावर घुटमळले. मग इंजिनाकडे बघत बोलले, "अन् हळद लागायच्या टायमाला तू जरा इकडंच थांबली तर बरं पडंल. तिकडच्या बाया येऊन राह्यल्या. पाच सवाष्णींचा मामला हाय. उगं कुणी काही बोललं तर लेकराला…"

मी विचारलं, "आत्याचा नवरा मेलाय का काका?"

"तसं न्हाई गं."

"मग कसं? त्याला तर तुम्ही पत्रिका दिली. फेटा आणलाय म्हणे त्याच्यासाठी."

"तो मान हाय. तुला कळायचं न्हाई. तू कॉलेजात शिक, आमच्या घरात शिकवू नको."

पळून गेलेल्याला फेटा आणि राहिलेलीला दार बंद. याला मान म्हणतात. हळद हिने दळलेली चालते, टेप हिचा चालतो, पोर हिने वाढवलेली चालते, फक्त ही चालत नाही. मी हे तिथेच बोलले, अशाच शब्दांत, भाऊरावांच्या तोंडावर. आत्याने आवाजाचं बटन पुरतं फिरवलं आणि माझं पुढचं भाषण त्या गाण्याखाली गाडून टाकलं.

भाऊराव गेल्यावर मी म्हणाले, "मी पत्रक काढते. मांडवातच वाटते."

"लेकराच्या हळदीत कागूद वाटशील तर तंगडं मोडीन."

"मग तू जाणार नाहीस?"

"मी कधी कुठं गेल्ते का न बोलावता?" एवढं बोलून ती दगड धुवायला बसली.

मी तेव्हा पत्रक काढलं नाही. हळदीच्या दिवशी मांडवात मात्र गेले. दुपार होती. पाच जणी पाटाभोवती बसल्या होत्या. त्यातल्या एकीला नवरा रोज मारतो हे गल्लीतल्या भिंतींनाही माहीत होतं, पण तो घरी राहून मारत होता, म्हणून ती सवाष्ण. पुढच्या खुर्चीवर परभणीचे पाहुणे, म्हणजे आत्याचा नवरा, फेटा बांधून चहा बशीत ओतून पीत होते. टेपवर आत्याची कॅसेट लागली होती आणि हळद लागण्याआधी सुनी मैत्रिणींबरोबर नाचत होती, ती गिळलेली ओळ सोडून, अगदी बरोबर.

मला ते सहन झालं नाही. मी टेपपाशी गेले, बटन दाबलं, कॅसेट काढून पर्समध्ये टाकली.

सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणाले, "आत्याला बोलवा. आत्या चालत नसेल तर तिची गाणीपण चालणार नाहीत."

शांता वहिनी, सुनीची आई, पदर तोंडाला लावून म्हणाली, "अगं, कशाला तमाशा करून राह्यली?" सुनी तशीच हात वर धरून उभी राहिली होती. मग तिने ते हळूहळू खाली घेतले.

मी तडक गिरणीत गेले. इंजिन बंद होतं. आत्या पोत्यावर बसली होती, कोपरापर्यंत पिवळी. पायलीभर हळद समोर परातीत होती. मी कॅसेट तिच्या पुढ्यात ठेवली.

"सुनी नाचली का?" तिने पहिलं तेच विचारलं.

"नाचत होती. मी बंद केलं. तुला बोलावल्याशिवाय…"

"नाचता नाचता बंद केलं?"

तिने कॅसेट उचलली आणि निघाली. हात धुतले नाहीत, पदर झटकला नाही. मी मागे. ज्या मांडवात तिने यायचं नव्हतं, त्या मांडवात ती पाहुण्यांच्या खुर्चीला वळसा घालून सरळ शिरली. मला वाटलं, आता बोलेल. आता सगळ्यांना सुनावेल. मी तर मनातल्या मनात टाळ्याही वाजवायला लागले होते.

तिने कॅसेट टेपमध्ये घातली. बटन दाबलं. मग सुनीला म्हणाली, "नाच. मी बाजू पलटायला थांबते. ह्याचं बटन कुणाला दबत न्हाई."

आणि ती थांबली. मांडवाच्या खांबाला टेकून, टेपजवळ. तिला कुणी 'ये' म्हणालं नाही आणि 'जा' म्हणायची हिंमत कुणाला झाली नाही. सुनी पाटावर बसली तेव्हा तिने एकदा मान वळवून हाक मारली, "आत्या, तूपण लाव ना गं." पाचही जणींचे हात थांबले. वहिनी मातीकडे बघत राहिली. आत्या म्हणाली, "मी टेप पाह्यते ना. तू पुढं बघ, डोळ्यात जाईल." आणि हात पुन्हा सुरू झाले.

मला ही तडजोड तेव्हाही मान्य नव्हती, आजही नाही. एका बाईला तिच्याच लेकीच्या हळदीत टेपवाली म्हणून उभं राहावं लागतं आणि वर लोक म्हणतात, आत्या समजूतदार आहे. बायकांचा समजूतदारपणा या गावाला फार स्वस्त पडतो. मी हे दुसऱ्या दिवशी पत्रकात लिहिलं. भाऊराव अजून माझ्याशी बोलत नाहीत. न बोलोत.

मात्र एक गोष्ट मी पत्रकात लिहिली नाही.

हळद झाली, सुनीला आत नेलं, पंगत बसली. मांडव रिकामा झाला. मी आत्याला जेवायला बोलवावं म्हणून वळले, तर ती पाटापाशी खाली बसली होती. सुनीच्या अंगावरून ओघळलेली ओली हळद पाटाच्या फटीत साचली होती. आत्याने ती करंगळीने टिपली. कपाळाला लावली नाही, गालाला लावली नाही. पदराचं टोक घेतलं, त्यात ती चिमूटभर हळद ठेवली आणि दातांनी ओढून घट्ट गाठ मारली.