पाटणकर काका उडतात

रंगीत ठिपक्यांतला आकडा वाचता आला नाही म्हणून ज्या डॉक्टरांनी पाटणकर काकांना विमान चालवण्यासाठी नापास केलं, त्यांच्याच केबिनमध्ये उभं राहून काकांनी आभारप्रदर्शन केलं. "डॉक्टर साहब ने अपना बहुमूल्य समय दिया, कंपाउंडर भैया ने पानी पिलाया, और बिजली ने बीच में साथ नहीं छोड़ा, हम सबके आभारी हैं." बाहेर पेशंट खोळंबले होते. मी शेजारी खाली मान घालून उभी होते.

काका माझे शेजारी, लखनौच्या महानगर नावाच्या वस्तीतले. मूळचे साताऱ्याचे, रेल्वेच्या डिझाइन ऑफिसात इंजिनिअर म्हणून लखनौला आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात आभार मानायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे आहे. मांडववाल्यापासून सतरंजी देणाऱ्यापर्यंत ते कुणालाही सोडत नाहीत. लोक वैतागतात, पण आपलं नाव येईपर्यंत कुणी उठत नाही. हळूहळू ही खोड मंडळाबाहेरही आली. माझ्याकडे चहा प्यायले की म्हणतात, "मंडळ आभारी आहे." परवा त्यांची रुसलेली स्कूटर एकदाची सुरू झाली, तर तिलाही म्हणाले.

काकांना जन्मापासून लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नाही. कॉलेजात असताना त्यांना पायलट व्हायचं होतं. ते तेव्हाच या डोळ्यांपायी राहिलं. काकू होत्या तोवर टोमॅटो आणि शर्ट त्या निवडायच्या. आता सब्जीवाला ओरडतो, "अंकल, वो कच्चे हैं, इधर वाले लीजिए!" की लगेच त्याचे भर बाजारात आभार.

गेल्या हिवाळ्यात काकांना कुठून तरी कळलं, की तेलीबागच्या पुढे एका मैदानावर हौशी लोकांना छोटं विमान शिकवतात. दोघांपुरतं, शेजारी शेजारी बसायचं. प्रशिक्षक सोबत असेल तर डोळे कसेही चालतात, एकट्याने उडायचं तर डॉक्टरांचा दाखला लागतो. काकांनी लगेच नाव घातलं. पुढे दाखल्यासाठी त्या डॉक्टरांकडे नेलं ते मीच.

शिकवणारे कॅप्टन तिवारी फौजेतून निवृत्त झालेले, लष्करी छावणीत वाढलेले, मोजकं बोलणारे. दर रविवारी सकाळी मी काकांना सोडायला जाते. ते वर गेले की तिवारींना आठवडाभराचं साठलेलं सगळं सांगतात. मुलीचा बंगळुरूहून आलेला फोन, जळलेलं पिठलं, काकूंना न आवडलेला तो एक जावई, जो शेवटी चांगला निघाला. तिवारी "हूँ" म्हणतात. "मैडम, ये उड़ते कम हैं, बोलते ज़्यादा हैं," त्यांनी मला एकदा सांगितलं. उतरल्यावर काका जागचे हलत नाहीत. आधी वाऱ्याचे, मग इंजिनाचे, मग ज्या गाई धावपट्टीवर आल्या नाहीत त्यांचे आभार. पुढचा विद्यार्थी हेल्मेट घालून ताटकळत असतो.

पण हात सफाईदार. तिवारीच म्हणाले, "अकेले छोड़ दूँ तो भी आराम से उतार लाएँगे. बस काग़ज़ रोक रहा है." दिल्लीत रंगीत दिवे ओळखायची आणखी एक चाचणी असते, तीत पास झालं तर दाखला मिळू शकतो, हेही त्यांच्याकडूनच कळलं. मग काय, माझ्या अंगात आलं. तारीख मी घेतली, तिकिटं मी काढली. माणसाचं आयुष्यभराचं राहिलेलं काम माझ्या हातून होणार, या कल्पनेने मी हवेतच होते.

जायच्या दिवशी बॅग घेऊन गेले, तर काका पायजम्यात, कांदा चिरत बसलेले.

"अगं, मी नाही जात."

मी भडकले. "काका, इतकी खटपट केली! आता घाबरलात?"

"छे गं. नापास व्हायची सवय आहे मला. पास झालो तर?" त्यांनी सुरी खाली ठेवली. "पास झालो तर तिवारी उतरणार आणि म्हणणार, जाइए, अकेले जाइए."

"मग तेच तर हवं होतं ना तुम्हाला!"

"कॉलेजात हवं होतं. घरात माणसांचा नुसता गोंधळ, एकटं बसायला जिना सुद्धा मिळत नव्हता." ते हसले. "आता एकटा मी घरीच असतो की गं."

मी पुढ्यातला दुसरा कांदा घेतला आणि चिरायला बसले.

रविवारी आम्ही नेहमीसारखे मैदानावर गेलो. काका विमानाकडे निघाले तेव्हा मी तिवारींना बाजूला घेऊन एवढंच म्हटलं, "काग़ज़ नहीं बनेगा. इन्होंने ही मना कर दिया."

तिवारींनी काकांच्या पाठीकडे पाहिलं. "अच्छा," ते म्हणाले. मग पुढच्या विद्यार्थ्याला हाक मारून सांगितलं, "बेटा, तुम चाय पी आओ, आज हमें देर लगेगी." काकांच्या शेजारी बसून त्यांनी पट्टा आवळला, आणि विमान हलायच्या आधीच, आजवर नुसतं 'हूँ' करणारा तो माणूस म्हणाला, "हाँ पाटणकर साहब, बताइए, इस हफ़्ते क्या-क्या हुआ?"