डेटाला लावलेली तीट

पोहरकरजींनी नवी स्कूटर घेतली, तेव्हा शोरूमच्या दारातच किल्लीनं तिच्यावर एक लांबलचक ओरखडा काढला. सेल्समन मटकन खाली बसला. पोहरकरजी मात्र निवांत. कुठलीही वस्तू बेदाग ठेवली की तिला दृष्ट लागलीच, असा त्यांचा हिशेब. नव्या शर्टाला ते आतून शाईचा ठिपका देतात. माझ्या नव्या लॅपटॉपवर त्यांनी काळी टिकली चिकटवली आहे, ती काही केल्या निघत नाही.

आमची कंपनी कूलर बनवते. ऑफिस जबलपूरच्या नेपियर टाउनमध्ये. मी नाशिकहून आलेला कॉम्प्युटरवाला आणि पोहरकरजी विक्रीच्या नोंदी बघणारे, तीन पिढ्यांपासून इथलेच. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे त्यांचं ऐकून घेण्याचं खातं आपोआप माझ्याकडे आलेलं. विक्री किती झाली असं विचारलं, तर हा माणूस खरा आकडा कधी सांगणार नाही. गोदाम रिकामं झालेलं असलं तरी "चालू आहे कसंतरी" एवढंच म्हणणार.

मागच्या वर्षी सेठजींच्या डोक्यात एआय शिरलं. कंपनीच्या सिस्टिममधला विक्रीचा सगळा डेटा बेंगळुरूच्या एका एआय कंपनीला पाठवायचा आणि कुठे, केव्हा, किती कूलर खपतील ते तिनं सांगायचं. महिनाभर राबून मी तो डेटा धुऊनपुसून लख्ख केला आणि पोहरकरजींना म्हणालो, आता एक चूक काढून दाखवा. त्यांचा चेहराच पडला.

"इतका साफ?" ते म्हणाले. "अन् असाच परक्यांच्या नजरेसमोर पाठवून राहिला?"

मी त्यांना पासवर्ड समजावले, कुलूपबंद फाइल समजावली. त्यांनी दोनदा 'अच्छा, अच्छा' केलं. मला वाटलं, पटलं बिचाऱ्यांना. मग ज्येष्ठ म्हणून पाठवण्याचं बटणही मी त्यांच्याच हातून दाबून घ्यायचं ठरवलं. मुहूर्ताचा नारळ फोडायला मी बाहेर गेलो, तेवढा वेळ ते डेटाजवळ एकटे होते.

काही दिवसांनी एआयचा अहवाल आला. सेठजींनी मीटिंग बोलावली, समोसे मागवले. पडद्यावर झळकलं: सर्वांत मोठा ग्राहक, शालिनी ट्रेडर्स, बरगी. जानेवारीत नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव कूलर. सबब बरगीला डेपो उघडावा आणि ऐन थंडीत कारखाना दिवसरात्र चालवावा.

बरगी म्हणजे धरणाजवळचं खेडं. जानेवारीत तिथली माणसं शेकोटी सोडून हलत नाहीत. शिवाय हे नाव डेटात पाहिल्याचंही मला आठवेना. पण एआय म्हणतंय म्हटल्यावर सेठजी हरखून गेले. डेपोच्या जागेची चौकशी सुरू झाली आणि शालिनी ट्रेडर्सचा सत्कार करायला शाल-नारळ देऊन आम्हा दोघांना बरगीला पिटाळण्यात आलं.

त्या ओरखड्याच्या स्कूटरवर मी मागे बसलो. एरवी प्रत्येक ऑटोवाल्याला दोन शब्द सुनावणारे पोहरकरजी वाटभर प्रत्येकाला पुढे जाऊ देत होते. धरण दिसल्यावर त्यांनी स्कूटर थांबवली आणि शाल मांडीवर घेऊन कठड्यावर बसले.

"दुकान-बिकान काही नाही रे," ते म्हणाले. "मीच तीट लावली डेटाला."

मी कपाळावर हात मारून घेतला. एवढी मोठी काहून, असं माझ्याही तोंडून त्यांच्याच भाषेत निघालं.

"तीट दिसली तर पाहिजे ना."

आता नोकरी जाणार, हे त्यांना कळून चुकलं होतं. पगाराचं त्यांना काही वाटत नव्हतं. दिवसभर त्या रिकाम्या घरात बसायचं, याची धास्ती होती. शालिनी म्हणजे त्यांची बायको, बरगी तिचं माहेर. ऑफिसला निघताना ती रोज त्यांच्या कानामागे काजळाची तीट लावायची. साठीला टेकलेला माणूस, फाटकाशी आला की लाजून पुसून टाकायचा.

"ती गेल्यावर पहिल्या दिवशी ऑफिसला निघालो," ते म्हणाले. "फाटकाशी सवयीनं बोट नेलं कानामागं. काहीच नव्हतं."

परत येऊन सेठजींना सगळं मीच सांगितलं. त्यांच्या केबिनच्या दारावर दर शनिवारी नवं लिंबू-मिरची लागतं. त्यांनी एकदा त्या लिंबाकडे बघितलं. मग पोहरकरजींना आत बोलावून विचारलं, "पूरी कंपनी के लिए एक ही टीका लगाया?" नोकरी वाचली. डेपो बारगळला. पुढच्या वेळी तीट छोटी लावायची, एवढी ताकीद मिळाली.

बेंगळुरूला सुधारलेला डेटा पाठवायचा होता. ती ओळ माझ्यानं काही पुसवेना. मी आकडा तेवढा बदलला: शालिनी ट्रेडर्स, बरगी, जानेवारी, कूलर एक. मग पोहरकरजींना बोलावून दाखवली. त्यांनी चष्मा पुसून ती ओळ सावकाश वाचली.

"महिना तेवढा बदल, बापा," ते हळूच म्हणाले. "मे कर. तिला उन्हाळा सोसत नव्हता."